गोष्ट वाचून झाल्यावर

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या सोसायटीच्या कार्यालयाची एक लहानशी खोली आहे. दर रविवारी सकाळी दहा वाजता तिथले टेबल भिंतीला सरकवून, खुर्च्या एकावर एक रचून आम्ही सतरंजी अंथरतो आणि मी मुलांना वाचून दाखवते. दुसरीपासून सातवीपर्यंतची बारा-पंधरा मुले येतात. परीक्षेच्या दिवसांत ही संख्या पाच-सहावर येते आणि गणपतीत कुणीच येत नाही. हा क्रम सुरू करताना माझी कल्पना अशी होती की मुलांच्या कानांवर चांगले मराठी पडावे आणि एवढे झाले तरी पुष्कळ झाले. वाचून झाल्यानंतरच्या बोलण्याला मी फारसे महत्त्व देत नव्हते. ते महत्त्व मला २०२२च्या जूनमध्ये चौथीतल्या एका मुलीने शिकवले.

त्या रविवारी आम्ही ‘श्यामची आई’ वाचत होतो. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून लहानगा श्याम धोंड्यावर उभा राहून हट्ट धरतो आणि आई आपल्या लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरून त्याला पाय टिपू देते, तो प्रसंग महाराष्ट्रात बहुतेकांना माहीत असतो. पायांना घाण लागू नये म्हणून जसा जपतोस तसाच मनाला जप, असे आई पुढे सांगते आणि सगळे मोठे वाचक त्या वाक्यापाशी येऊन थांबतात. मीही तिथे थांबले, आवाज थोडा खाली आणला आणि मुलांकडे पाहिले. माझ्या मनात प्रश्न तयार होता, “यातून आपण काय शिकलो?” तो तोंडातून बाहेर पडण्यापूर्वीच ती मुलगी म्हणाली, “काकू, मग तिने ओलंच लुगडं नेसून ठेवलं का? तिला दुसरं नव्हतं?”

मी पान उलटून मागे गेले. आईचे लुगडे ओले झाले होते आणि तिला ते लगेच बदलता येण्यासारखे नव्हते, हे साने गुरुजींनी तिथेच एका लहानशा वाक्यात सांगितलेले आहे. हे पुस्तक मी शाळेत असताना वाचले, माझ्या मुलाला वाचून दाखवले, त्यातील वाक्ये मला पाठ आहेत आणि तरीही त्या ओळीवरून मी इतकी वर्षे पाय न अडखळता पुढे जात होते, कारण पुढे येणारे उपदेशाचे वाक्य मला ठाऊक होते आणि मी त्याच्याच ओढीने वाचत होते. त्या मुलीला पुढचे वाक्य ठाऊक नव्हते. ती त्या आईजवळ, त्या ओल्या लुगड्याजवळ थांबली होती.

दुसऱ्या मुलाने विचारले, “ओचे म्हणजे काय?” मला अर्थ माहीत होता, पण तो शब्दांत सांगताना माझी तारांबळ उडाली. तेव्हा तीच मुलगी म्हणाली की तिची आजी नऊवारी नेसते. पुढच्या रविवारी ती खरोखरच आजीला हाताला धरून घेऊन आली. आजींनी निऱ्यांचा पुढचा घोळ हातात धरून दाखवला आणि मग तो जमिनीवर पसरण्यासाठी त्या गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसल्या. मुले एकदम गप्प झाली. पुस्तकात ‘ओचे पसर’ एवढेच असते. ते पसरायला बाईला किती खाली वाकावे लागते, हे त्यांना आणि मलाही तेव्हा दिसले. ओल्या लुगड्याच्या प्रश्नावर आजी म्हणाल्या, “अंगावरच वाळायचं गं. एक अंगावर, एक दोरीवर. तिसरं कुठलं असायला?” नंतरच्या चर्चेत मनाची घाण हा विषय निघालाच नाही. आपल्या हट्टामुळे घरात कुणाला काय धुवावे लागते, याविषयी मुले अर्धा तास बोलत होती आणि गुरुजींना जे म्हणायचे होते त्याच्या ती फार दूर होती असे मला वाटत नाही.

मुलांच्या गोष्टीला शेपटासारखे तात्पर्य जोडण्याची आपली सवय जुनी आहे आणि तिचे मूळ याच शहरात सापडते. १८२२ साली मुंबईत शाळांसाठी पुस्तके तयार करणारी एक मंडळी स्थापन झाली आणि मराठीत मुलांसाठी छापील पुस्तके निघू लागली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापच्या नीतिकथा मराठीत आणल्या त्या १८२८ साली. छत्र्यांची भाषा सरळ आणि रसाळ होती. तिने कितीतरी पिढ्यांना वाचायला शिकवले, हे ऋण मान्यच केले पाहिजे. पण या नीतिकथांबरोबर एक समजही घरोघरी रुजला, तो असा की गोष्ट म्हणजे साल आणि बोध म्हणजे गर. मुलाने गोष्ट ऐकायची, मोठ्यांनी बोध विचारायचा, मुलाने तो सांगितला की गोष्ट संपली. कोल्ह्याला द्राक्षे खरोखरच आंबट लागली असती का, असे विचारणाऱ्या मुलाला वेळ द्यायला कुणी थांबत नसे.

आजही हे फारसे बदललेले नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या शाळेत अवांतर वाचनाची वही आहे. प्रत्येक पुस्तकासाठी एक पान आणि त्यावर पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, मुख्य पात्रे, मिळालेली शिकवण असे रकाने. तिने मला वही दाखवली तेव्हा लागोपाठ सहा पानांवर ‘नेहमी खरे बोलावे’ असे लिहिलेले होते. त्यातल्या निदान दोन पुस्तकांत खरे-खोटे हा विषयच नव्हता. रकाना कसा भरायचा हे ती शिकली होती, आणि या गोष्टीचे मला फार वाईट वाटले.

‘श्यामची आई’चेच उदाहरण पुन्हा घेते, कारण त्याच्या रचनेकडे माझे लक्ष उशिरा गेले. हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. त्यातील प्रकरणांना प्रकरणे म्हटलेले नाही, रात्री म्हटलेले आहे. कारण आश्रमात रोज रात्री प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो आहे. सोबती ऐकतात, मध्येच काही विचारतात, दुसऱ्या दिवशी आधीच्या रात्रीविषयी आपसांत बोलतात, गावातली माणसे येऊन बसतात. म्हणजे ज्या पुस्तकाला आपण संस्कारांचे पुस्तक म्हणून मुलांच्या हाती एकट्याने वाचायला देतो, ते मुळात चार माणसांनी एकत्र बसून ऐकण्याचे आणि त्यावर बोलण्याचे पुस्तक आहे. आपण त्यातली आई ठेवली आणि ती बैठक मात्र विसरलो.

गोष्टीनंतर बोलायचे कसे, हे मात्र आपोआप येत नाही. मी तरी ते चुका करतच शिकले. एका रविवारी जुन्या मासिकातली एक कथा वाचली होती. गरीब शेतकरी, त्याचा प्रामाणिकपणा, राजाची भेट आणि शेवटी दरबारातली नोकरी, असा तिचा सरळ प्रवास होता. पाचवीतला एक मुलगा म्हणाला, “मला नाही आवडली.” मी उत्साहाने विचारले, “का नाही आवडली?” त्याने माझ्याकडे पाहिले, मग इतरांकडे पाहिले आणि घाईघाईने म्हणाला, “आवडली, आवडली.” माझा ‘का’ त्याला झडतीसारखा वाटला होता. वर्गात ‘का’ विचारले जाते ते बहुधा उत्तर चुकल्यावरच, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते.

पुढे इंग्लंडमधील लेखक व शिक्षक एडन चेंबर्स यांच्या ‘टेल मी’ या १९९३ सालच्या पुस्तकाशी माझा परिचय झाला. मुलांशी पुस्तकांविषयी कसे बोलावे, हाच त्याचा विषय आहे. चेंबर्स यांचे मूळ प्रश्न चारच आहेत: काय आवडले, काय आवडले नाही, कशाचे कोडे पडले आणि कुठे काही पुन्हा पुन्हा आल्यासारखे किंवा दुसऱ्या कशाशी जुळल्यासारखे वाटले. ‘का’ हा शब्द टाळावा आणि त्याऐवजी ‘मला जरा सांग ना’ असे म्हणावे, हा त्यांचा आग्रह आहे. मराठीत हे ‘सांग ना’ किती सहज बसते! मी त्या मुलाला पुन्हा ती कथा दाखवली आणि म्हटले, “तुला जिथे आवडली नाही, ती जागा मला दाखव ना.” त्याने पाने चाळून शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवले. “राजाने त्याला नोकरी दिली. पण मग त्याचं शेत कोण बघणार?” त्याचे आजोळ साताऱ्याकडे आहे आणि मामा एकटा शेती पाहतो, हे मला त्यानंतर कळले. त्या कथेच्या लेखकाला हा प्रश्न सुचला नसावा असे मला आजही वाटते, आणि तसे मी मुलांना सांगितलेही. छापलेल्या गोष्टीतही काही राहून गेलेले असू शकते, हे ऐकून मुलांच्या चेहऱ्यांवर जे आश्चर्य उमटले ते मी विसरणार नाही.

तेव्हापासून मी स्वतःसाठी एक नियम केला आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर मला आधीच माहीत आहे, तो प्रश्न मी शक्यतो विचारत नाही. मुलांना हा फरक लगेच कळतो. माहीत असलेले विचारले की त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागतात. माहीत नसलेले विचारले की ती पुस्तकाकडे वळतात.

अगदी लहान मुलांच्या बाबतीत या बोलण्याचा भाषेवर काय परिणाम होतो, याचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांबाबत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन्ही गटांतले पालक मुलांना चित्रपुस्तके वाचून दाखवतच होते. फरक इतकाच की एका गटातल्या पालकांना मुलांना मोकळे प्रश्न विचारायला, त्यांच्या बोलण्यात भर घालायला आणि पुस्तकातले सांगण्याचे काम हळूहळू मुलांकडे सोपवायला शिकवले होते. महिनाभराने या गटातली मुले बोलण्यात दुसऱ्या गटाच्या पुढे गेलेली आढळली. नुसते वाचून दाखवणे आणि वाचता वाचता बोलणे यांत अंतर आहे, एवढे तरी यावरून म्हणता येते.

मुंबईत या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेक इंग्रजी माध्यमातली आहेत. घरी मराठी बोलतात, मराठीत भांडतात, मराठीत स्वप्ने पाहतात, पण मराठी छापील पान समोर आले की जोडाक्षरापाशी आणि रफारापाशी अडकतात. राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला. त्यामुळे अक्षरओळख सगळ्यांना आहे. पण दहा वर्षांच्या मुलाची समज दहा वर्षांची आणि मराठी वाचनाचा वेग सहा वर्षांचा, अशी अवस्था असते. त्याच्या वेगाला झेपणारे पुस्तक त्याला बाळबोध वाटते आणि त्याच्या समजेला रुचणारे पुस्तक त्याला वाचवत नाही. हे अंतर मोठ्याने वाचून दाखवल्यानेच भरून निघते. ऐकताना अक्षरे आड येत नाहीत आणि बोलताना त्याला आपली पूर्ण बुद्धी वापरता येते. असे वर्षभर झाले की काही मुले हळूच पुस्तक स्वतःकडे ओढतात. सगळीच ओढतात असे नाही. न ओढणाऱ्यांनाही गोष्ट मिळालेली असतेच.

कवितांच्या बाबतीत तर बोलणे कुठच्या कुठे जाते. विंदा करंदीकरांचा ‘राणीची बाग’ हा मुलांच्या कवितांचा संग्रह १९६१ साली निघाला. आमची मुले भायखळ्याच्या राणीच्या बागेत शाळेच्या सहलीसोबत जाऊन आलेली असल्यामुळे त्यांनी तो अगदी हक्काने ऐकला आणि लगेच तक्रार केली की यात पेंग्विन नाही. पेंग्विन मुंबईत आले २०१६ साली, कविता त्याच्या कितीतरी आधीच्या, हे सांगितल्यावर तक्रारीचे रूपांतर कामात झाले. सहावीतल्या एका मुलाने दोन ओळी केल्या: “पेंग्विन म्हणे, एसी लावा; मुंबईचा घाम कुणी पुसावा?” त्यावर दुसरीतली एक मुलगी ठाम उभी राहिली की पेंग्विन रडका हवा, कारण त्याला समुद्र दिसत नाही. त्यावर तो मुलगा म्हणाला की त्याला एसी आहे, आपल्याला पंखा आहे, मग त्याने का रडावे? वाद वीस मिनिटे चालला. मी मध्ये पडले नाही. शेवटी पेंग्विन दिवसा हसतो आणि लोक घरी गेल्यावर रडतो, अशी तडजोड निघाली. कवितेतल्या प्राण्याला दोन मने असू शकतात, या निष्कर्षापर्यंत ती आपली आपणच पोचली होती.

पुस्तके मिळवण्याविषयी अनेक पालक विचारतात, म्हणून थोडक्यात लिहिते. एकाच पुस्तकाच्या पंधरा प्रती लागत नाहीत. एक प्रत आणि एक आवाज पुरतो. चित्रपुस्तक असेल तर मात्र मुलांना अगदी जवळ बसवावे, कारण चित्रात ती जे पाहतात ते आपल्याला दिसत नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्था शहरात अजून उभ्या आहेत. तिथे मुलांना सोबत घेऊन जावे आणि पुस्तक त्यांना निवडू द्यावे. त्यांनी निवडलेले पुस्तक आपल्याला भिकार वाटले तरी एकदा सोबत वाचावे. ते भिकार का, हे बोलता बोलता त्यांनाच कळते आणि कधी कधी ते भिकार नव्हते हे आपल्याला कळते.

याच कामात मला एकदा विरोधही झाला. ‘श्यामची आई’तल्या निवडक रात्री वाचत आम्ही शेवटाकडे आलो होतो. श्यामची आई जाते आणि तो तिच्या अखेरच्या क्षणी जवळ नसतो, हे मोठ्यांना माहीत असते. एका मुलीच्या आईने मला जिन्यात थांबवून विनंती केली की शेवट वाचू नका, मुले घाबरतील, त्यांना हसरे काही वाचून दाखवा. त्यांची काळजी खरी होती, म्हणून मी दोन दिवस विचार केला. मृत्यूचा विचार मुले करतच असतात, तो आपण त्यांच्या डोक्यात घालत नाही, अशी माझी खात्री आहे. मात्र तो करताना ती एकटी असतात. मी रविवारी मुलांना आधीच सांगितले की आजचा भाग दुःखाचा आहे, ज्याला ऐकायचा नसेल त्याने बाहेर चित्रे काढत बसले तरी चालेल. दोघी बाहेर गेल्या, त्यातली एक पाचच मिनिटांत परत येऊन दाराशी बसली.

वाचून झाल्यावर मी काहीच विचारले नाही. बऱ्याच वेळाने कुणीतरी म्हणाले, “तेव्हा मोबाईल असता तर तो वेळेवर पोचला असता.” दोन-तीन मुलांनी माना डोलावल्या. मग सहावीतला एक मुलगा सतरंजीच्या काठाचे दोरे ओढत, कुणाकडेही न पाहता म्हणाला, “नसता पोचला. आमच्याकडे मोबाईल होता. लॉकडाऊनमध्ये आजी गेली तेव्हा बाबांना फोन आला होता. पण ई-पास मिळाला नाही. बाबा गावाला गेलेच नाहीत.” त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाने विचारले, “मग बाबांनी काय केलं?” “व्हिडिओ कॉलवर बघितलं. मग मोरीत जाऊन बसले.”

मी त्या घराला कितीतरी वर्षांपासून ओळखते. आजी गेल्याचे मला माहीत होते, मी भेटूनही आले होते. मोरीतले माहीत नव्हते. सात-आठ वर्षांच्या मुलाने ते दाराबाहेरून ऐकले होते आणि इतके दिवस जवळ ठेवले होते.

त्या दिवशी कुणी आणखी काही बोलले नाही. मुले चपला घालून निघाली. तो मुलगा सतरंजीची घडी घालायला थांबला आणि घडी घालून झाल्यावर त्याने पुस्तक घरी नेऊ का, असे विचारले. बाबा रात्रपाळी करून आले की दुपारी जागेच असतात, त्यांना वाचून दाखवीन, म्हणाला. रफारापाशी तो अजून अडखळतो, म्हणून मी विचारले की पहिल्या रात्रीपासून सुरुवात करणार की शेवटची वाचणार. “पहिल्यापासून,” तो म्हणाला, “रोज एकच.”

तीन आठवड्यांनी जिन्यात त्याचे बाबा भेटले. अकराव्या रात्रीपर्यंत आलो आहोत, पुस्तक आणखी काही दिवस ठेवले तर चालेल का, असे त्यांनी विचारले. मी रविवारसाठी दादरहून दुसरी प्रत आणली आहे.